होरी, होळी आणि कॉम्प्युटर

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात १९९५ च्या दहावीच्या बॅचतर्फे केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी बोलण्यातली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)

आदरणीय सर, बाई, आज शाळा सांभाळणारे शिक्षक, आमच्या आधीच्या आणि नंतरच्या बॅचचे सगळे माजी विद्यार्थी, आणि माझ्या वर्गातल्या मित्रमैत्रिणींनो,



संयोजकांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. मागे मैदानात पोपटीचं मडकं लागलं आहे, भांबुर्ड्याच्या पाल्याचा वास इथपर्यंत येतोय. त्यामुळे विसाची एकवीस मिनिटं झाली तर तुम्ही मला माफ करणार नाही, हे मला माहीत आहे.

मला सांगितलं गेलं की, "तू कॉम्प्युटरमधला माणूस, तर त्या एआयवर काहीतरी बोल." मी म्हटलं, बोलतो, पण आपल्या गावापासून सुरू करून आपल्याच गावाशी येऊन थांबेन. कारण या विषयातला माझा सगळ्यात मोठा धडा मला पुण्याच्या ऑफिसात मिळाला नाही. तो इथे, कोळीवाड्यात, एका फुटलेल्या होडीशेजारी बसून मिळाला.

आधी मी काय करतो ते सांगतो. पोटापाण्याची नोकरी वेगळी आहे. पण रात्री आणि रविवारी मी गेली बरीच वर्षं मुक्त सॉफ्टवेअरचं काम करतो. मुक्त म्हणजे ज्याचा आतला मजकूर, ज्याला आम्ही सोर्स कोड म्हणतो, तो कुणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि दुसऱ्याला देता येतो. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, १९९१ मध्ये फिनलंडमधल्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्स लिहिलं. लिनक्स म्हणजे होडीचं इंजिन समजा. पण नुसत्या इंजिनावर कुणी समुद्रात जात नाही. बसायला फळी लागते, सुकाणू लागतं, दिवा लागतो. कॉम्प्युटर सुरू केल्यावर आपल्याला जे दिसतं, म्हणजे खिडक्या, मेनू, फायलींचे कप्पे, कोपऱ्यातलं घड्याळ, त्या सगळ्या मांडणीला डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये त्यातली दोन मोठी घराणी आहेत. १९९६ मध्ये जर्मनीत माथियास एट्रिश यांनी सुरू केलेलं केडीई आणि १९९७ मध्ये मेक्सिकोच्या दोन तरुणांनी सुरू केलेलं ग्नोम. दोन्ही जगभरातले लोक मिळून बांधतात, त्यातले पुष्कळसे बिनपगारी. दोन्ही मराठीतही वापरता येतात, कारण कुणीतरी बसून "फाइल उघडा", "बदल साठवा" अशी हजारो वाक्यं मराठीत लिहिली आहेत. त्या कामात माझाही खारीचा वाटा आहे.

आता या डेस्कटॉपमध्ये 'मशीन लर्निंग' आणायचं म्हणजे काय? हा शब्द ऐकून घाबरू नका. आपल्या सगळ्यांना त्याचं उत्तर लहानपणापासून माहीत आहे.

भरतीची वेळ काढायचा ठोकताळा आठवतो? तिथीची पाऊणपट करायची. म्हणजे अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, तर साधारण सहाला भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट, सव्वाअकरा. कुलाबा किल्ल्यात चालत जायचं की नाही, हे आपण यावरून ठरवायचो. हा झाला नियम. जुनं सगळं सॉफ्टवेअर असंच चालतं. माणूस नियम लिहितो, यंत्र तो पाळतं.

पण कोळीवाड्यातला म्हातारा नाखवा पाण्याचा रंग बघून, वाऱ्याचा वास घेऊन सांगतो की आज होडी काढू नका. त्याला विचारा, "कशावरून?" तो म्हणेल, "दिसतंय की." त्याने चाळीस पावसाळे बघितले आहेत, त्यातून त्याच्या डोक्यात काहीतरी तयार झालं आहे, जे नियम म्हणून लिहून देता येत नाही. मशीन लर्निंग हा याचाच यंत्रातला प्रकार आहे. यंत्राला हजारो, लाखो उदाहरणं दाखवायची. प्रत्येक वेळी ते अंदाज करतं, चुकतं, आणि आतले आकडे थोडे थोडे हलवून पुढच्या वेळी कमी चुकायला शिकतं. त्या शिकलेल्या आकड्यांच्या गाठोड्याला 'मॉडेल' म्हणतात.

आणि म्हणूनच पहिला प्रश्न हा असतो की, याने कुठल्या समुद्रात चाळीस पावसाळे काढले? अरबी समुद्रातला नाखवा उत्तर ध्रुवाजवळ नेऊन बसवला तर त्याचंही चुकेल. हा प्रश्न लक्षात ठेवा, मी परत त्याच्याकडे येणार आहे.

आजच्या डेस्कटॉपवर या शिकलेल्या यंत्राचा उपयोग कुठे होतो, याची तीन-चार उदाहरणं आपल्या शाळेतलीच देतो.

मुख्याध्यापकांनी मला निसर्ग वादळानंतर बोलावलं होतं. ३ जून २०२० चा तो दिवस इथे कुणाला सांगायला नको. कपाटात पाणी शिरलं, जुने फोटो आणि शाळेचे छापील वार्षिक अंक भिजले. ते वाळवून, एकेक पान मोबाइलने टिपून ठेवायचं काम आपल्याच काही माजी विद्यार्थ्यांनी केलं. पण हजारभर चित्रं नुसती साठवून उपयोग काय? शोधणार कशी?

फोटोंसाठी केडीई परिवारातला डिजिकॅम नावाचा प्रोग्रॅम आहे. तो चेहरे ओळखतो. आपण दोन-चार फोटोंवर नाव लिहायचं, मग तो बाकीच्या फोटोंतले तसेच चेहरे समोर आणून ठेवतो आणि विचारतो, "हे तेच का?" सुरुवातीला एकदाच काही शे एमबीची मॉडेलं उतरवून घ्यावी लागतात, पुढे सगळं काम आपल्याच कॉम्प्युटरवर होतं. पोरांचे फोटो गावाबाहेर जात नाहीत. आमची गंमत अशी झाली की त्याने साठच्या दशकातल्या एका गटफोटोतला मुलगा आणि अलीकडच्या स्नेहसंमेलनातला आठवीतला मुलगा एकच माणूस ठरवला. आम्ही चौकशी केली, तर आजोबा आणि नातू! यंत्र चुकलं म्हणायचं की बरोबर आलं म्हणायचं, ते तुम्ही ठरवा. पण नाव लिहिण्याआधी त्याने विचारलं, हे महत्त्वाचं.

छापील अंकांसाठी टेसरॅक्ट वापरलं. छापलेलं पान वाचून त्याची अक्षरं करून देणारं हे सॉफ्टवेअर मुळात ह्यूलेट-पॅकर्ड कंपनीत १९८५ ते १९९४ च्या दरम्यान तयार झालं, २००५ मध्ये ते मुक्त केलं गेलं, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून ते मशीन लर्निंगच्या नव्या पद्धतीने वाचतं. त्याला मराठी येतं. चांगलं येतं. पण आपल्या एका जुन्या अंकात कोळी समाजावरचा लेख होता, त्यात जागोजागी 'दर्या' हा शब्द. टेसरॅक्टने त्यातल्या कितीतरी ठिकाणी 'दऱ्या' वाचलं. 'दर्या'वरचा रफार आणि 'दऱ्या'तला अर्धा र, फरक एवढासा. डोंगरातल्या दऱ्या आणि आपला दर्या! पुस्तकी मजकुरात दऱ्याखोरी पुष्कळ येतात, दर्या कमी येतो. यंत्राने कुठे पावसाळे काढले ते तिथे दिसलं.

तिसरं, बोलणं ऐकून लिहिणं. ओपनएआय कंपनीने सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिस्पर नावाचं मॉडेल सर्वांसाठी खुलं केलं. केडीईच्या केडेनलाइव्ह या व्हिडिओ संपादनाच्या प्रोग्रॅममध्ये ते जोडता येतं, म्हणजे व्हिडिओखाली शब्द आपोआप उमटतात. ते ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलेलं आहे. ऐकायला आकडा प्रचंड वाटतो. पण त्यात इंग्रजी सोडून उरलेल्या ९६ भाषांचं मिळून १,१७,००० तासांचं रेकॉर्डिंग आहे, आणि त्यात मराठीचा वाटा अगदीच किरकोळ. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख लोक होते. एवढे लोक दिवसभर बोलतात, पण त्या बोलण्याचं नीट लिहून ठेवलेलं रेकॉर्डिंग यंत्राला मिळत नाही. म्हणून ते मराठी ऐकतं, पण कानात बोळा घातल्यासारखं.

आणि हे प्रमाण मराठीचं आहे, जिच्यात वर्तमानपत्रं निघतात, पुस्तकं छापली जातात. खाडीपलीकडे कोर्लईत जी बोली बोलतात, पोर्तुगीज आणि मराठी मिसळून झालेली, तिचं काय? १७४० मध्ये पोर्तुगीज इथून गेले, पण ती भाषा गावात राहिली. आपल्या वर्गात कोर्लईची मुलं होती. डब्याच्या सुट्टीत ती आपापसात काय बोलतात ते आपल्याला कळायचं नाही, म्हणून आपण त्यांची नक्कल करायचो. काही शे घरांत उरलेली ही भाषा. यंत्राच्या हिशेबी ती अस्तित्वातच नाही.

आता मी त्या होडीपाशी येतो.

२०२० च्या आधी दोन वर्षं मी एक छोटा प्रोग्रॅम लिहीत होतो. डेस्कटॉपवर मराठी टाइप करताना पुढचा शब्द सुचवायचा आणि चुकलेला शब्द आपोआप दुरुस्त करायचा. मोबाइलवर होतं तसंच, पण सगळं आपल्या कॉम्प्युटरवर, बाहेर काही न पाठवता. त्याला शिकवायला मजकूर हवा होता. मराठी विकिपीडिया २००३ पासून चालू आहे आणि त्याचा मजकूर मुक्तपणे वापरता येतो. मी तो घेतला. कुठल्या शब्दामागून कुठला शब्द किती वेळा येतो, हे यंत्राने मोजलं. मी वापरून बघितलं, ऑफिसातल्या मराठी मित्रांना दिलं. सगळे खूश. मीही खूश.

मग वादळ आलं. काही आठवड्यांनी प्रवासाची परवानगी मिळाली तेव्हा मी घरी आलो. नारळी-सुपारीच्या बागा आडव्या झालेल्या, खांब पडलेले, वीज नाही, मोबाइलला रेंज नाही. आमच्या वर्गातला एक मित्र कोळीवाड्यात राहतो. तो आज इथे आहे. शेवटच्या रांगेत बसलाय, तेव्हाही तिथेच बसायचा. मी त्याला विचारून हे सांगतोय. तो म्हणाला, "सांग, पन नाव घेव नको." म्हणून नाव घेत नाही, आणि कृपा करून तुम्हीही मागे वळून बघू नका.

त्याची होडी फुटली होती. नुकसानभरपाईसाठी अर्ज लिहायचा होता. माझ्याकडे लॅपटॉप होता, बॅटरी निम्मी होती. इंटरनेटशिवाय चालणारा प्रोग्रॅम लिहिल्याचं त्या दिवशी मला फार कौतुक वाटलं. शहरातल्या सर्व्हरवर अवलंबून असणारी सगळी हुशार सॉफ्टवेअरं त्या दिवशी मुकी होती, माझं चालू होतं. मी म्हटलं, तू बोल, मी लिहितो, भाषा नंतर नीट करू. तो त्याच्या भाषेत सांगत गेला, मी त्याच्याकडे बघत टाइप करत गेलो.

लिहून झाल्यावर मी स्क्रीन त्याच्यापुढे फिरवली. त्याने वाचलं. एक ओळ परत वाचली. आणि मग हसायला लागला.

तिथे लिहिलं होतं: "माझी होळी वादळात फुटली."

तो 'होरी' म्हणाला होता, मी 'होरी' टाइप केलं होतं. आपल्याकडे आगरी-कोळी बोलीत होडीला होरी म्हणतात, गाडीला गारी म्हणतात. यंत्राला होरी माहीत नव्हतं. एका अक्षराच्या फरकाने जवळ असलेले दोन शब्द त्याला सापडले, होडी आणि होळी. आणि विकिपीडियावर होळी जास्त वेळा येते. मग त्याने मला न विचारता होळी करून टाकली. अर्जात एकदा नाही, पाच ठिकाणी.

माझा मित्र हसून म्हणाला, "तुजा कंपूटर पन आपले शालेन शिकलाय वाटते!"

मित्रांनो, तुमच्यातल्या काही जणांना आता ते आठवलं असेल. सातवीचा वर्ग. निबंधाच्या वह्या तपासून आलेल्या. याच्या निबंधात 'होरी' हा शब्द प्रत्येक ओळीत, आणि प्रत्येक शब्दाखाली लाल रेघ. तो निबंध त्याला उभं करून वाचायला लावला होता. तो वाचत होता आणि वर्ग हसत होता. त्यानंतर त्याचं नावच होरी पडलं. मैदानात होरी, एसटीत होरी. नववीनंतर तो शाळेत आला नाही. बापाला दम्याचा त्रास सुरू झाला होता, घरात कमावणारं कुणी नव्हतं, हे खरं कारण. पण ते एकच कारण होतं का, हे मी तीस वर्षांत त्याला विचारू शकलो नाही. कारण हसणाऱ्यांत मी होतो. 'होरी' हे नाव पाडणाऱ्यांत तर मी पहिला होतो.

आणि अठ्ठावीस वर्षांनी मी त्याच्या दारात एक यंत्र घेऊन बसलो होतो, ज्याने पुन्हा त्याचाच शब्द चुकीचा ठरवला. या वेळी लाल रेघ मारणारा मीच होतो. आणि शाळेत निदान रेघ मारून शब्द तसाच ठेवला होता. माझ्या यंत्राने तो पुसूनच टाकला.

तो अर्ज तसाच छापून गेला असता तर? आपण आज हसतोय, पण "होळी फुटली" असा अर्ज टेबलावर आला असता तर त्याला निदान एक हेलपाटा पडला असता. ज्याची होडी गेली त्याच्यासाठी एक हेलपाटा म्हणजे एक दिवसाची मजुरी.

बाईंना एक सांगतो, कारण त्या समोर बसल्या आहेत आणि त्यांचा चेहरा मला दिसतोय. बाई, तुमच्यावर माझा रोख नाही. परीक्षेत प्रमाण मराठी लिहावी लागते, तुम्ही ती शिकवलीत, त्या शिदोरीवर आम्ही सगळे उभे आहोत. अर्ज शेवटी आम्ही प्रमाण मराठीतच लिहिला, 'होडी' असंच. प्रमाण भाषा यायला हवीच. पण दुसरी भाषा ही चूक नसते, एवढं आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि न सांगितलेलं मी तसंच उचलून यंत्राला शिकवलं.

त्या रात्री मेणबत्तीच्या उजेडात मी ठरवलं आणि पुढच्या काही महिन्यांत तीन बदल केले. तांत्रिक तपशिलात जात नाही, पण या तीन गोष्टी तुम्ही कुठल्याही हुशार सॉफ्टवेअरकडे बघताना वापरू शकता.

पहिला बदल: न विचारता काहीही बदलायचं नाही. सुचवायचं, आणि माणसाने होकार दिला तरच बदलायचं. डिजिकॅम नाव लिहिण्याआधी विचारतो, ते मला तेव्हा पटलं. शिवाय ही सगळी सोय सुरुवातीला बंदच ठेवली. ज्याला हवी त्याने चालू करावी.

दुसरा बदल: यंत्राला माहीत नसलेला शब्द म्हणजे चुकीचा शब्द, हे समीकरण काढून टाकलं. लिब्रेऑफिसमध्ये शब्दाखाली नागमोडी लाल रेघ येते ना, तिचा अर्थ खरं तर एवढाच असतो की, हा शब्द माझ्या यादीत नाही. पण वाचणाऱ्याला ती सातवीच्या वहीतली रेघ वाटते. मी बोलीतल्या शब्दांची वेगळी यादी जोडली. त्या शब्दाखाली रेघ येत नाही, आणि हवं असेल तर प्रमाण मराठीतला शब्द शेजारी दिसतो. दोन्ही शब्द घरात, दोघांनाही पाट.

तिसरा बदल: जे शिकायचं ते त्या माणसाच्या कॉम्प्युटरवर शिकायचं आणि तिथेच ठेवायचं. तुम्ही काय टाइप करता ते माझ्याकडे येत नाही. हवं तेव्हा पुसूनही टाकता येतं.

मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात या विषयावर सध्या बरेच वाद चालू आहेत. काही जण म्हणतात, हे मशीन लर्निंग डेस्कटॉपमध्ये नकोच. त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सोर्स कोड मुक्त असला तरी मॉडेल म्हणजे आकड्यांचं गाठोडं, ते उघडून वाचता येत नाही. कुठल्या मजकुरावर शिकलं, ते सांगितलं नाही तर ते खऱ्या अर्थाने मुक्त कसं? सुगरणीने मोदक दिले पण सारणात काय आहे ते सांगितलं नाही, तशातली गत. ओपन सोर्स इनिशिएटिव्ह या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मुक्त एआयची पहिली व्याख्या ठरवली, त्यात शिकवणीच्या मजकुराची पुरेशी माहिती द्यायला हवी असं म्हटलं आहे. ती पुरेशी म्हणजे किती, यावर भांडण चालूच आहे. नेक्स्टक्लाउड नावाच्या मुक्त सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये सोपी पद्धत काढली. तीन प्रश्न: प्रोग्रॅमचा कोड मुक्त आहे का? शिकलेलं मॉडेल आपल्या यंत्रावर ठेवून वापरता येतं का? शिकवणीचा मजकूर उपलब्ध आहे का? तिन्हींचं उत्तर होय असेल तर हिरवा रंग, एकही नसेल तर लाल. मला ही पद्धत आवडते, कारण ती शाळेतल्या मुलालाही समजते.

माझं स्वतःचं मत विचाराल तर, आणायचं, पण हळू आणि विचारून. बाईंची नजर आता अधू झाली आहे. छापलेलं पान कॅमेऱ्यापुढे धरलं आणि कॉम्प्युटरने ते मोठ्याने वाचून दाखवलं, तर त्यांना कुणाची वाट बघावी लागत नाही. टेसरॅक्ट पान वाचतं, ई-स्पीक नावाचा मुक्त प्रोग्रॅम ते मराठीत बोलतो. आवाज जरा एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा येतो, पण बाई म्हणतात, "चालेल, शुद्धलेखनाच्या चुका तरी करत नाही." अशा कामासाठी मला हे तंत्र हवं आहे.

आता तुमच्याकडे काय मागतो ते सांगतो, आणि थांबतो.

एक. आपल्या शाळेच्या संगणक कक्षात जुनी यंत्रं आहेत. विंडोज १० ला मिळणारे सुरक्षेचे मोफत अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, आणि त्यातली बरीचशी यंत्रं विंडोज ११ साठी चालत नाहीत. ती भंगारात काढायची गरज नाही. लिनक्स आणि केडीई त्यांच्यावर चालेल. दिवाळीत आम्ही चौघांनी मिळून सहा यंत्रं बदलून दिली. उरलेल्यांसाठी रविवारी हात हवे आहेत. कॉम्प्युटर येत नसेल तरी चालेल, स्क्रू काढता आला पाहिजे.

दोन. शब्द हवे आहेत. गेल्या वर्षी आपल्या बॅचच्या ग्रुपवर मी विचारलं की घरात आजी काय म्हणायची ते शब्द पाठवा. दोन वह्या भरल्या. होडीच्या भागांची नावं, जाळ्यांचे प्रकार, वाऱ्यांची नावं, भातखाचरातले, मिठागरातले शब्द. यातले कितीतरी मला माहीत नव्हते, आणि मी इथेच वाढलो. हे काम मशीनसाठी म्हणून करू नका. आपल्यासाठी करा, मशीनला त्यातून मिळेल. पण एक पथ्य पाळा. ज्याचा शब्द, ज्याचा आवाज, त्याला आधी विचारा. म्हाताऱ्या आत्याचं बोलणं चोरून रेकॉर्ड करून पाठवू नका. तिला सांगा हे कुठे जाणार आहे. ती नको म्हणाली तर नको.

तीन. आवाज हवे आहेत. मोझिलाचा कॉमन व्हॉइस प्रकल्प २०१७ पासून चालू आहे, त्यात मराठीही आहे. समोर येणारं वाक्य वाचायचं, आणि दुसऱ्याने वाचलेलं ऐकून बरोबर आहे का ते सांगायचं. हे रेकॉर्डिंग कुणालाही मोफत वापरता येतं, म्हणून देताना विचार करून द्या. पण आपल्या किनाऱ्यावरच्या लोकांनी ते वाचलं, तर उद्याच्या यंत्राच्या कानाला आपला हेल ओळखीचा होईल. नाहीतर यंत्र पुणेरी ऐकेल आणि आपल्याला म्हणेल, "पुन्हा बोला."

अलिबागची चुंबकीय वेधशाळा आपण सहलीला जाऊन बघितली होती. आठवतं? मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेतलं हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं, कारण ट्रामच्या विजेने सुई हलली असती. इमारत बांधताना लोखंड वापरलं नाही. शंभर वर्षांहून अधिक काळ तिथे नोंदी घेतल्या जात आहेत, आणि जगभरातले शास्त्रज्ञ त्या वापरतात. तेव्हा आपल्याला ते फार कंटाळवाणं वाटलं होतं, आपलं सगळं लक्ष समुद्रावर होतं. आज मला वाटतं, आपल्या जिल्ह्याला हे काम जमतं. शांतपणे, वर्षानुवर्षं, एकेक नोंद खरी ठेवणं. शब्दांचंही तसंच करूया.

शेवटचं एक. हे भाषणात सांगायचं की नाही, यावर मी आठवडाभर घालवला.

त्या दिवशी मी माझ्या मित्राची माफी मागितली नव्हती. प्रोग्रॅम दुरुस्त केला, पण माणसाशी बोलायचं राहिलं. गेल्या वर्षी शब्दांची वही घेऊन मी त्याच्याकडे गेलो आणि सातवीच्या वर्गाबद्दल बोललो. तो बराच वेळ जाळं विणत राहिला. मग म्हणाला, "तेवा लय राग आलेला." एवढंच. "काही नाही रे" असं तो म्हणाला नाही. आणि ते न म्हटल्याबद्दल मी त्याचा ऋणी आहे.

मग त्याने वही मागून घेतली आणि पहिल्या पानावर, सगळ्यात वर, स्वतःच्या हाताने 'होरी' लिहिलं.

त्या दिवशी आम्ही दोघंच होतो. पण तेव्हा सगळा वर्ग हसला होता, म्हणून आज सगळ्या वर्गासमोर बोलतो. मित्रा, माझं चुकलं. शब्द तुझा बरोबर होता.

संगणक कक्षातल्या त्या सहा यंत्रांवर आता 'होरी' लिहून बघा. खाली लाल रेघ येत नाही.

एकवीस मिनिटं झाली. मडकं उघडायला हरकत नाही.